ऐकीव गोडी

पुष्कळ पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मोजत बसू नका. मोजून होईपर्यंत गोष्ट निवून जायची. तेव्हा एका ओसाड माळाच्या कडेला एक गाव होतं, आणि गावाच्या वेशीबाहेर पिंपरणीच्या झाडाखाली एक पाणपोई होती. चार मोठे रांजण, त्यांवर ओली फडकी, आत वाळ्याच्या जुड्या आणि पाणी वाढायला एक लांब दांड्याचं ओगराळं. ते ओगराळं भिवरा नावाच्या बाईच्या हातात असायचं.

वेशीपासून एक वाट निघे आणि माळावरून बारा कोस चालत घाटाखालच्या बाजारगावाला पोचे. जाणारे भिवराकडे पाणी पिऊन जात. येणारे फुटक्या ओठांनी येत आणि धापा टाकत तिच्यापुढे ओंजळ धरत. वाटसरू म्हटला की त्याचे ओठ फुटलेलेच असतात, अशी भिवराची समजूत होती.

भिवराचं माहेर याच गावात, सासरही याच गावात. मध्ये फक्त एक गल्ली. तिची वरात निघाली, तेव्हा वाजंत्र्यांचे गाल फुगायच्या आत ती सासरी पोचली होती. नवरा लवकर गेला. सासूच्या मागे पाणपोई तिच्याकडे आली, आणि पाणपोईबरोबर तिचा नेमही आला. नेम असा, की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणपोईवालीने जागा सोडायची नाही. त्या बदल्यात सुगीला सारं गाव तिच्या घरी धान्य पोचवी. बावीस वर्षं भिवराने तो नेम पाळला. म्हणजे बावीस वर्षं ती रस्त्याच्या तोंडाशी बसून होती आणि त्या रस्त्यावर शंभर पावलांपलीकडे कधी गेली नव्हती.

आता एवढ्या लांब रस्त्याच्या तोंडाशी बसायचं आणि पुढे काय आहे ते ठाऊक नाही, म्हणजे माणसाला चैन कसं पडावं? भिवराला मुळातच चौकशीची भारी खोड. ती प्रत्येकाला पाणी वाढता वाढता विचारी, "वाटेत चांगलं काय लागलं?"

आणि लोक सांगत. या प्रश्नावर माणूस किती खुलतो, ते तिने पाहिलं होतं. दुखणी-खुपणी विचारली तर लोक दोन शब्दांत उरकत. पण आवडलेलं विचारलं की टेकलेला माणूस मांडी घालून बसे. एक हमाल म्हणाला, दीड कोसावर टेकाडाच्या वळणावर काळा सपाट दगड आहे, त्याला पाठ टेकली की उठावंसं वाटत नाही. एक फिरता वैदू म्हणाला, पुढे एक पडकं देऊळ लागतं, भर दुपारी त्याच्या फरशीला गाल लावून निजावं, डोकं हलकं होतं. कुणी धनगरवाड्यावरच्या म्हातारीच्या ताकाचं सांगे, की त्यात ती भाजलेला ओवा चुरडून घालते. आणि कुणी सांगे, चार कोसांवर डावीकडे एक पायवाट फुटते, तिथे उंबराखाली एक झरा आहे, त्याचं पाणी प्यायलं की घरचं पाणी नको होतं.

भिवरा हे सारं मनात साठवी आणि पुढच्या वाटसरूला वाढी. पाण्याबरोबर गूळ द्यावा तसं.

सुरुवातीला ती म्हणे, "एक हमाल सांगत होता, की वळणावर एक काळा दगड आहे म्हणून." मग त्यातून हमाल गळाला. ती म्हणू लागली, "असं म्हणतात, की वळणावर एक काळा दगड आहे." आणि मग कधी, ते तिचं तिलाही कळलं नाही, ती म्हणू लागली, "मला विचाराल तर त्या काळ्या दगडाला पाठ टेका. मला फार आवडतो तो." खोटं बोलायचं म्हणून ती खोटं बोलली नव्हती. शंभरदा सांगितलेली गोष्ट आपलीच वाटू लागते, एवढंच. असे लोक तुमच्याही घरात आहेत. त्यांना तसं म्हणून बघा, चिडतील.

हळूहळू तिची कीर्ती झाली. लोक पाण्यापेक्षा तिच्या सांगण्यासाठीच थांबू लागले. गावातले लोकही आपल्या पाहुण्यांना तिच्याच गोष्टी ऐकवू लागले. ज्यांना त्या जागा गोड लागत, ते परतताना तिला दुवा देत. ज्यांना लागत नसत, ते काहीच बोलत नसत. कुणाला वाटे, आपणच वळण चुकलो. कुणाला वाटे, आपल्याच जिभेला चव नाही. आणि पाणी पाजणाऱ्या बाईशी भांडणार तरी कोण?

एकदा वैशाखात एक म्हातारा कासार त्या गावी आला. त्याचं नाव लिंबाजी. पाठीवर बांगड्यांचं गाठोडं, हातात पितळी चंबू. या वाटेने तो पहिल्यांदाच जात होता. एक ओगराळंभर पाणी पिऊन त्याने चंबू पुढे केला.

भिवरा हसली. "काका, आधीच पाठीवर ओझं, त्यात हे आणखी कशाला? चार कोसांवर डावीकडे पायवाट लागेल. तिथे उंबराखाली झरा आहे. त्या पाण्याची सर माझ्या रांजणाला नाही. तहान राखून जा, म्हणजे खरी गोडी कळेल."

"इतकं का चांगलं आहे?"

"मला विचाराल तर तसं पाणी या मुलखात नाही."

"तू म्हणतेस म्हणजे असणारच," असं म्हणून लिंबाजीने रिकामा चंबू गाठोड्याला बांधला आणि तो चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक धनगर आपलं घोडं हाकत गावात शिरला. घोड्यावर लिंबाजी आडवा घातलेला होता. धनगराने त्याला चावडीत उतरवलं आणि घडलं ते थोडक्यात सांगितलं. म्हातारा उंबराखाली बेशुद्ध पडला होता. पडताना गाठोडं अंगाखाली आलं, निम्म्या बांगड्या फुटल्या. झरा तर तीन उन्हाळ्यांमागेच आटला होता. मेंढरं भलतीकडे पांगली म्हणून धनगर तिकडे गेला, नाहीतर गेला नसता. एवढं बोलून धनगर आपल्या मेंढरांकडे परत निघून गेला.

लिंबाजी वाचला. पाटलांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला तेव्हा चावडी भरली आणि भिवराला बोलावणं आलं.

पाटील काही बोलायच्या आत लिंबाजीनेच हात वर केला. त्याचा आवाज अजून खोल गेलेला होता. "मला भांडायचं नाही. फक्त एक विचारायचंय. ते पाणी तू शेवटचं कधी प्यायलीस?"

भिवरा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"बरं, उंबर तरी कधी बघितलास?"

भिवराने मान खाली घातली. "मी या वाटेवर कधी गेलेच नाही, काका."

मग मागे बसलेला एक जण हसला, त्याला बघून आणखी दोघे हसले, आणि मग सगळ्यांचं हसू एकदमच आटलं. आपणही त्या झऱ्याचं कौतुक किती जणांना सांगितलं, ते ज्याचं त्याला आठवलं होतं. त्यांच्यापैकीही तिथे कुणी गेलं नव्हतं. सांगणारी भिवरा असल्यावर जाऊन बघायची गरज कुणाला वाटली नव्हती.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. ते म्हणाले, "भिवरा, पाण्याला आम्ही नाव ठेवत नाही. पण तुझा शब्द ऐकून माणूस मरणाच्या दारात जाऊन आला. आता असं कर. आठ दिवस पाणपोईवर सुताराची सून बसेल. तू या वाटेने जा. आलीस की चावडीत येऊन सांग, या वाटेवरचं तुला स्वतःला काय आवडलं. एकच गोष्ट सांग, पुरे. पण ती दुसऱ्याकडून ऐकलेली नसावी. सांगता आली तर ओगराळं तुझं. नाही आली तर ते सुताराच्या सुनेच्या हातात राहील."

भिवरा घरी आली आणि तिला रडू फुटलं. ओगराळं गेलं तर सुगीचं धान्य जाणार, हे तर होतंच. पण तिला भीती वाटत होती ती वेगळीच. बावीस वर्षं लोक तिच्यापाशी थांबले, बोलले, हसले. हातात ओगराळं नसेल तर आपल्याशी बोलायला कुणी थांबेल का, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फटफटताच ती निघाली. फडक्यात दोन भाकरी आणि कांदा बांधून घेतला, आणि पाण्याला एक लहानसा तांब्या घेतला. सावलीत बसणाऱ्या बाईला दिवसभरात जेवढं पाणी लागतं, तेवढं त्यात मावत होतं. उन्हातली तहान केवढी असते, याचा तिला अंदाज नव्हता.

शंभर पावलं झाली, आणि एकशेएकावं पाऊल टाकताना तिने घाबरून मागे वेशीकडे पाहिलं. पण पुढच्याच क्षणी कुतूहलाने भीतीवर मात केली. वाट खरोखरच होती की. ज्या टेकाडाचं नाव तिने हजारदा घेतलं होतं, ते टेकाड समोर उभं होतं, आणि तिला वाटलं होतं त्याच्या निम्म्यानेही उंच नव्हतं.

वळणावर काळा दगड सापडला. भिवराने त्याला पाठ टेकली. दगड गार होता आणि थोडा टोचत होता. तिने जरा सरकून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं, मनातल्या मनात 'वा' म्हणूनही पाहिलं. काही झालं नाही. मग तिला तो हमाल आठवला. त्याच्या पाठीवर नेहमी मणभर ओझं असायचं. ओझं उतरवून टेकलेली पाठ वेगळी आणि पिंपरणीखाली बसून ताठ राहिलेली पाठ वेगळी. तो सुख सांगत होता आपल्या पाठीचं, आणि भिवरा समजली दगडाचं.

पुढे देऊळ लागलं. तिथली फरशी मात्र खरंच गार होती. भिवराने गाल टेकला, आणि तिला बरंही वाटलं. पण निजल्या निजल्या ती विचार करू लागली, वैदू म्हणाला होता तितकं डोकं हलकं झालं का? अजून होतंय का? थोडं थांबलं तर होईल का? सोनाराने सोनं कसाला लावावं तशी ती गाल लावून बसली होती. शेवटी कंटाळून उठली. सुखाची परीक्षा घ्यायला बसलं की सुख जागचं उठून जातं, हे तिला तेव्हाच कळलं. शिवाय ही गोष्टही ऐकीवच होती. चावडीत चालली नसती.

ऊन वर आलं. तांब्यातलं पाणी देवळातच संपलं होतं. डावीकडे पायवाट फुटली तेव्हा भिवरा क्षणभर थांबली. झरा आटलेला आहे हे तिला माहीत होतं. तरी तिला ती जागा बघायचीच होती. आपण माणसाला जिथे पाठवलं ती जागा न बघता परत कसं जायचं?

उंबर होता. त्याच्या बुंध्याशी एक खड्डा होता आणि खड्ड्यातला चिखल वाळून त्याचे पोपडे सुटले होते. आजूबाजूला हिरव्या काचेचे तुकडे पडले होते. भिवरा त्यांच्यापाशी खाली बसली. तिची लाज तिच्याच्याने झाकवेना. हा झरा ज्याने पहिल्यांदा सांगितला, त्याने तो खरा सांगितला असेल. त्या दिवशी इथे पाणी असेल आणि ते गोडही असेल. तिने मात्र तीन उन्हाळे आटलेलं पाणी लोकांना पाजलं होतं.

ती उठली तेव्हा माळ डोळ्यांपुढे हलत होता. जीभ टाळ्याला चिकटली होती. मोठ्या वाटेपर्यंत अर्धा कोसही नव्हता, पण पाय म्हणाले, जमणार नाही. बावीस वर्षं पाणी वाढणाऱ्या भिवराला तहान म्हणजे काय ते त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं, आणि ती फार घाबरली होती.

ती कशीबशी मोठ्या वाटेशी आली आणि एका बाभळीला धरून उभी राहिली. तेवढ्यात मेंढरांचा आवाज आला. मागोमाग तोच धनगर आला, ज्याने लिंबाजीला आणलं होतं. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खांद्यावरचा वाळका भोपळा काढला. त्यात पाणी होतं.

भिवराने दोन्ही हात पुढे केले. पण धनगराने भोपळा मागे घेतला.

"आदी बसा," तो म्हणाला. "उन्हातनं आल्याबरुबर पानी गटागटा पिऊ नये. छातीत भरतं. बसा, तोंड वलं करा, मग घोट घोट घ्या."

ती बसली. त्याने ओंजळीत थोडं पाणी ओतलं. ते कोमट होतं, गढूळ होतं आणि त्याला मेंढरांचा वास येत होता. असलं पाणी तिच्या रांजणात आलं असतं तर तिने ते ओतून देऊन रांजण दोनदा घासला असता. भिवराने तोंड ओलं केलं. मग पहिला घोट घेतला. मग दुसरा. तो घशातून खाली उतरताना तिला समजत होता, छातीत पोचलेला समजत होता, आणि बोटांच्या टोकांपर्यंत गेलेला समजत होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. इतकं चांगलं तिला जन्मात काही लागलं नव्हतं. ते चांगलं आहे असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"तुमी पानपोईच्या ना?" धनगराने विचारलं.

तिने मान हलवली. जरा जीवात जीव आला तशी सवयीने ती बोलून गेली, "पुढे वाटेत चांगलं काय आहे, दादा?"

"मला कशाला इचारता?" धनगर म्हणाला. "आलाय न्हवं हितवर? मग बघा की."

त्या रात्री ती वाटेपासून कोसभर आत असलेल्या धनगरवाड्यावर राहिली. धनगराच्या बायकोने तिला भाकरी वाढली आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताक मागू नका म्हंजे झालं. आमच्या सासूबाईंच्या हातचं ताक होतं ते. त्यांना जाऊन सा वर्सं झाली. म्हस गेली, ताक गेलं, पर मानसं यायची थांबली न्हाईत. न्हाई म्हटलं की माझ्याकडं अशी बघत्यात, जनू मीच कुठं लपवून ठिवलंय. कोन सांगतं ह्यांना, कुनास ठावं."

भिवराचा घास तोंडातच राहिला. "मी सांगते," ती हळूच म्हणाली.

धनगरणीने तिच्याकडे डोळे फाडून पाहिलं, आणि मग ती अशी हसत सुटली की बाहेरची कुत्री भुंकू लागली. हसणं ओसरल्यावर म्हणाली, "बरं झालं, तोंड तरी दिसलं तुमचं." त्या दोघींचं तेव्हापासून जमलं.

भिवरा सहा दिवस वाड्यावर राहिली. रोज दुपारी ती जिथे पायवाट फुटते त्या फाट्यावर जाऊन बसे. ती कुणाला काही विचारत नसे, काही सांगतही नसे, नुसती बघत असे. तिने पाहिलं, की बाजारगावाहून येणारा माणूस याच फाट्याशी थांबतो, चंबू तोंडावर उलटा करतो आणि शेवटचा थेंब जिभेवर झटकतो. तिने पाहिलं, की गावाकडून निघालेल्याचं पाणीही इथवरच पुरतं. ओठ फुटायला सुरुवात होते ती इथे. बावीस वर्षं तिने जे फुटके ओठ पाहिले होते, ते सगळे या जागेवरून तिच्याकडे आले होते. आणि तिची पाणपोई कुठे होती? वेशीपाशी. दहा पावलं आत गेलं की गावात तीन विहिरी होत्या.

ती पाणपोई वाटसरूच्या सोयीने बांधलेली नव्हती. ती वाढणाऱ्याच्या सोयीने बांधलेली होती, पिंपरणीची सावली बघून.

आठव्या दिवशी भिवरा परत आली. धुळीने माखलेली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेली. पाणपोईशी एक वाटसरू निघायच्या तयारीत होता आणि सुताराची सून त्याला मोठ्या उत्साहाने सांगत होती, "टेकाडाच्या वळणावर काळा दगड आहे. मला विचाराल तर त्याला पाठ टेका. मला फार आवडतो तो."

भिवराने पदर मागे सारला. "तू कधी गेली होतीस गं तिथे?"

सुनेने जीभ चावली. "तुम्हीच सांगायच्या ना, आत्याबाई. मला वाटलं, पाणपोईवर बसलं की असं सांगायचं असतं."

भिवराला तिच्यावर रागावता आलं नाही.

संध्याकाळी चावडी भरली. लिंबाजी कासारही आला; आता तो आपल्या पायांनी चालत आला होता. पाटलांनी विचारलं, "बोल भिवरा. तुला स्वतःला काय आवडलं?"

"एका धनगराच्या भोपळ्यातलं पाणी," भिवरा म्हणाली. "कोमट होतं, गढूळ होतं, वासही येत होता. पण मला ते इतकं गोड लागलं, की मी रडले."

लोकांत कुजबुज झाली. आठ दिवस भटकून बाईने आणलं काय, तर गढूळ पाणी. पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "ऐकीव नाही ना?"

"नाही. पण ते प्यायला मी कुणाला पाठवणार नाही. पाणी चांगलं नव्हतं, माझी तहान खरी होती." कमरेला खोचलेलं ओगराळं, जे तिने सुनेकडून येताना घेतलं होतं, ते तिने काढून पाटलांपुढे ठेवलं. "हे सुताराच्या सुनेलाच राहू द्या. मला दोन रांजण द्या आणि गावचं एक गाढव द्या. मी उंबराच्या फाट्यावर बसते. धनगरवाड्याच्या विहिरीला पाणी आहे, मी स्वतः शेंदून पाहिलंय. तहान तिथे लागते, पाटील. आपण पाणी इथे ठेवलंय."

पाटील म्हणाले, "तिथे सावली नाही."

"माहीत आहे. तिथे सहा दिवस बसून आलेय."

"माणसाचा वारा नाही. बोलायला कुणी नाही. आणि सुगीचं धान्य तिथवर कोण पोचवणार?"

भिवराला धान्याचं उत्तर ठाऊक नव्हतं, आणि नसलेलं उत्तर ठाऊक आहे असं सांगायची खोड आता मोडली होती. "ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

तेव्हा लिंबाजी भिंतीचा आधार घेऊन उठला. "आठ दिवसांमागे मी हिला विचारलं, ते पाणी तू कधी प्यायलीस. तेव्हा हिच्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. माझ्या बांगड्या फुटल्या त्या फुटल्या. पण त्या फाट्यावर त्या दिवशी कुणी ओंजळभर पाणी घेऊन बसलेलं असतं, तर एकही फुटली नसती. धान्याचं तुमचं तुम्ही बघा, पण बाईला जाऊ द्या."

पाटील उठले आणि त्यांनी दोन रांजण आणि एक गाढव द्यायला सांगितलं. धान्याचंही ठरलं, बाजारगावाला जाणारी प्रत्येक गाडी फाट्यावर एक पायली उतरवील.

असं करता करता फाट्यावर पाणपोई झाली. पहिलं वर्ष भिवराने चार वेळू आणि एक गोणपाट यांच्या सावलीत काढलं. वाटसरू आला की ती आधी त्याला बसवी, तोंड ओलं करायला लावी आणि मगच वाढी. हळूहळू गावच्या वेशीवर फुटक्या ओठांचा माणूस दिसेनासा झाला. सुताराची सून कुरकुरू लागली, की हल्ली कुणी पाणी मागतच नाही.

दर अमावास्येला धनगरीण पाणपोई सांभाळी आणि भिवरा वाटेवर जाऊन येई. कधी या दिशेला कोसभर, कधी त्या दिशेला. कुणी विचारलं तर ती सांगे, पण आता तिचं सांगणं लांबलं होतं आणि गोष्टी कमी झाल्या होत्या. "पुढच्या ओढ्याला पाणी आहे. मी परवा बघितलं. आज असेलच असं नाही." किंवा, "त्या पलीकडच्या शेताच्या बांधावर संध्याकाळी वारा चांगला लागतो. मला लागला. तुमचं तुम्ही बघा." ऐकणारे हिरमुसत नसत. उलट ते अधिक कुतूहलाने पुढे जात, कारण तिने त्यांच्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवलेलं असे.

पुढच्या वैशाखात लिंबाजी कासार नव्या बांगड्या घेऊन आला. भिवराने त्याला बसवलं, घोट घोट पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि घाटातल्या खिंडीकडे हात केला.

"त्या खिंडीपलीकडे चांगलं काय आहे गं?"

भिवराने खिंडीकडे पाहिलं. खिंडीपलीकडच्या चार-दोन गोष्टी तिने कितीतरी जणांकडून ऐकल्या होत्या. त्या जिभेच्या टोकाशी आल्या आणि तिने त्या गिळल्या.

"ठाऊक नाही, काका. मी तिथवर गेलेले नाही."

लिंबाजीने गाठोडं पाठीवर घेतलं. "तुझ्या तोंडून या वाटेची ही पहिली खरी खबर ऐकली," असं म्हणून तो हसला आणि बघू तरी काय आहे ते, म्हणत खिंडीकडे चालू लागला.

म्हणून लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: जे आपण स्वतः चाखलं नाही, त्याची गोडी दुसऱ्याला सांगू नये.